क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निवांत बसू नका: डायबिटीस असलेल्या आई-बाबांची किडनी कशी सांभाळायची

घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कुणी डायबिटीसवालं असेल तर वर्षातून एकदा दोन गोष्टी ठरवून करायच्या, लघवीची एसीआर टेस्ट (लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती जातंय ते) आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि त्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळतेय त्याचा अंदाज. बाकी सगळं नंतर. आपल्याकडे होतं काय, की उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर नेमाने तपासतात, कागद फाईलला लागतो, आणि किडनीचं विचारलं की "अहो क्रिएटिनिन नॉर्मल आहे की" म्हणून विषय संपतो. घोळ तिथेच आहे.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, आणि तो बनतो स्नायूंमधून. वय झालं, अंगावरचं मांस उतरलं की ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी थकलेली असली तरी आकडा शहाण्यासारखा दिसतो. हिशोब बघा ना. क्रिएटिनिन १.२ असेल तर तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ८३ येतो, आणि तोच १.२ बहात्तर वर्षांच्या आजींचा असेल तर साधारण ४८. हा ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त ६० च्या खाली राहिला की त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात, पण लॅबच्या कागदावर कित्येकदा १.२ पर्यंत नॉर्मलच छापलेलं असतं, त्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही. रिपोर्टवर ईजीएफआर नसेल तर सरळ मागा, त्याला वय आणि बाई की पुरुष एवढंच लागतं, वेगळं रक्त द्यावं लागत नाही.

एसीआरसाठी शक्यतो सकाळची पहिली लघवी न्या. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे किडनीतून प्रोटीन झिरपायला लागलंय, ३०० च्या वर गेलं तर किडनीच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. साध्या युरीन रुटीनमध्ये सुरुवातीचं प्रोटीन पकडलं जात नाही, म्हणून "युरीन केलीये" यावर समाधान मानायचं नाही. ताप असताना, लघवीचं इन्फेक्शन असताना किंवा आदल्या दिवशी वणीच्या पायऱ्या चढून आल्यावर ही टेस्ट नको, आकडा उगाच वाढलेला येतो. वाढलेला आलाच तर तीन ते सहा महिन्यांत परत करायची, तीनपैकी दोनदा वाढलेली आली तर ती खरी.

आता गुडघे. म्हाताऱ्या माणसांच्या किडनीचं बरंचसं नुकसान मला वाटतं गुडघ्याच्या वाटेने होतं. नाशकात सिडको असो, सातपूर असो, मेडिकलवर "गुडघ्याची गोळी द्या" म्हटलं की मिळते, आणि मग ती रोज रात्री जेवणानंतर चालू होते, घरच्यांना पत्ताही नसतो. आज घरी गेलात की उशीखालची, पानाच्या डब्यातली, देव्हाऱ्याशेजारची सगळी पाकिटं काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यातलं काही दिसलं तर बाजूला काढून डॉक्टरांना दाखवा. पुढे मोठ्या अक्षरात पॅरासिटामॉल आणि खाली बारीक अ‍ॅसिक्लोफेनॅक अशी जोडगोळी फार चालते, तिला फसू नका. नुसतं पॅरासिटामॉल त्यामानाने बरं. ओळखीच्या कुणी दिलेलं भस्म, काढा हेही त्याच ढिगात ठेवा, काही भस्मांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोक खूश होतात आणि खरं तर घाबरायला हवं. "आईची शुगर आता आपोआप कमी झालीये, गोळी अर्धी केली." इन्सुलिन शरीराबाहेर टाकायचं बरंच काम किडनी करते, ती मंदावली की इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, काही गोळ्यांचा अंमलही लांबतो, मग शुगर खाली यायला लागते. पथ्य तेच, चालणं तेच आणि शुगर मात्र उतरतेय, तर आधी ईजीएफआर करा. नवरात्रात उपास धरून गोळी नेहमीसारखी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी आधीच बोलावं, पहाटे घाम फुटून बरळायला लागलं तर ती शुगर उतरलेली असू शकते. म्हणूनच वयस्कर माणसांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) सातच्या आत आणायचा हट्ट सगळ्यांसाठी नसतो, अशक्त माणसाला आठपर्यंतही चालवतात.

गोळ्यांचं थोडक्यात. बीपी १३०/८० च्या आसपास ठेवायचा, पण उठताना चक्कर येत असेल तर ते सांगायचं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू झाली की दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात, क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी किडनीला खरोखर मदत करते आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून बरीच स्वस्त झालीये, फक्त तिने लघवीच्या जागी खाज सुटू शकते आणि आपली म्हातारी माणसं ते लाजेने सांगत नाहीत, तुम्हीच विचारा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की कमी करतात, ३० च्या खाली बंद. जुलाब-उलट्या झाल्या, पाणी टिकेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून यातलं काय थांबवायचं ते विचारा, एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच.

खाण्यात पहिला शत्रू मीठ. दिवसाला सगळं मिळून एक चमचा, चहाचा. रविवारची मिसळ, वर पापड, शेव, घरचं लोणचं, यातच तो चमचा संपतो. सैंधव घेतलं तरी तेही मीठच. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं, ते किडनीवाल्याने विचारल्याशिवाय घेऊच नये. द्राक्षांच्या सीझनमध्ये घरात क्रेट येतो तेव्हा चार-सहा मणी चालतात, पण रोज सकाळी मूठभर भिजवलेले मनुके मात्र नकोत, साखरही जास्त आणि पोटॅशियमही. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमचा रिपोर्ट बघून ठरवा. डाळ-दूध मात्र एकदम तोडू नका, माणूस आणखी वाळतो.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, लागणारच. नाशिकमध्ये शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किडनीचा विभाग आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना ते आत्ताच बघून ठेवा. आणि या टप्प्यावर रक्त काढताना किंवा सलाईन लावताना तळहाताच्या मागची शीर घ्यायला सांगा, मनगटाच्या वरच्या शिरा पुढे फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी हातात शीर-धमनी जोडतात त्याला, लागतात.