धंदा सांभाळून सोशल मीडिया: सोलापुरातल्या व्यावसायिकासाठी आठवड्याचं वेळापत्रक

टॉवेल-चादरीचा कारखाना असो, गणवेशाचं युनिट असो, शेंगाचटणीचा घरगुती धंदा असो की जुळे सोलापुरातलं आर्किटेक्टचं ऑफिस, सोशल मीडियाचं पान बंद पडण्याची तऱ्हा सगळीकडे एकच दिसते. पहिले पंधरा दिवस रोज पोस्ट. मग मोठी ऑर्डर येते, आठवडाभर कुणाचा हात लागत नाही, आणि त्यानंतर पानावर उरतात ते फक्त सणांचे शुभेच्छा-बॅनर. म्हणून वेळापत्रक आखताना वर्षातला सगळ्यात धावपळीचा आठवडा डोळ्यांपुढे ठेवा. त्या आठवड्यात जेवढं निभेल तेवढंच ठरवा, एक पोस्टही जास्त नको.

हिशेब सरळ आहे. तीस सेकंदांच्या एका रीलला शूटिंगची १५ मिनिटं, कापाकापीची (एडिटिंगची) २५, मजकुराची १५ आणि आलेल्या विचारणांना उत्तरं देण्याची २० धरा. झाली ७५ मिनिटं. आठवड्याला तीन तास काढता येत असतील तर दोन पोस्ट होतात आणि नोंदींसाठी अर्धा तास उरतो. पहिले बारा आठवडे या दोनांवरच राहा. तिसरी पोस्ट वाढवायची ती बारा आठवड्यांत एकही आठवडा कोरा गेला नसेल तरच.

जागा कोणती

एक मुख्य आणि एक जोडीला, एवढंच. किरकोळ विक्री, बुटीक, खाद्यपदार्थ असतील तर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस. घाऊक गणवेश, निर्यात, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले यांनी लिंक्डइन मुख्य धरावं. रस्त्यावर दुकान असलेल्या प्रत्येकाने गूगल बिझनेस प्रोफाइल भरावंच. नवी पेठेत उभा असलेला माणूस ‘माझ्याजवळ’ असं शोधतो तेव्हा त्याला तुमची रील दिसत नाही, नकाशावरची वेळ, फोटो आणि फोन नंबर दिसतो. तिथली सुट्टीची वेळ चुकीची असेल तर आलेलं गिऱ्हाईक बंद शटर पाहून जातं आणि एक चांदणी देऊन मोकळं होतं.

खातं उघडताना ते धंद्याच्या ईमेलवर आणि धंद्याच्या नंबरावर उघडा. भाच्याने किंवा कामावरच्या मुलाने स्वतःच्या नंबरावर उघडून दिलेलं खातं, तो नोकरी सोडून पुण्याला गेला की हातचं जातं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. ‘तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत इथे लॉगिन करा’ असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. खाती चोरण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे.

इन्स्टाग्रामच्या परिचयाला १५० अक्षरं मिळतात, लिंक्डइनच्या शीर्षकाला २२०. तिथे ‘दर्जा हीच आमची ओळख’ लिहून जागा घालवू नका. असं लिहा: ‘शालेय गणवेशाचे उत्पादक, सोलापूर. कमीत कमी १०० नग. सँपल ७ दिवसांत.’ वाचणाऱ्याला आपण योग्य ठिकाणी आलोय की नाही हे लगेच कळतं.

वकील, सीए आणि डॉक्टरांनी इथे थांबून आपले नियम वाचावेत. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलांना जाहिरात करून काम मागायला मनाई करतो, सीएंवर १९४९ च्या कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीचं बंधन आहे, डॉक्टरांनाही आचारसंहिता आहे. कायदा, कर किंवा आजार समजावून सांगणं आणि ‘माझ्याकडे या’ म्हणणं यांतलं अंतर प्रत्येक पोस्टमध्ये सांभाळावं लागतं.

माल रोजच्या कामातूनच निघतो

‘आज काय टाकू’ हा प्रश्न पडतो, कारण विषय रविवारी बसून शोधले जातात. काउंटरवर एक वही ठेवा आणि गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. ‘रंग जातो का हो?’ ‘आकसेल का?’ ‘चटणी किती दिवस टिकते?’ महिनाभरात इतके प्रश्न जमतात की सहा महिन्यांची सोय होते. एका प्रश्नाला एक पोस्ट.

उदाहरणार्थ, टॉवेलवाल्यांना सतत येणारा प्रश्न: ‘जीएसएम किती?’ म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. बहुतेकजण आकडा सांगून मोकळे होतात. त्याऐवजी कॅमेऱ्यासमोर ३० बाय ६० इंची टॉवेल वजनकाट्यावर ठेवा. काटा ४६५ ग्रॅम दाखवतो. टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. ४६५ भागिले १.१६, म्हणजे साधारण ४०० जीएसएम. मग दुसरा, हलका टॉवेल ठेवा आणि तेच गणित करून दाखवा. शेवटी दोन्हींचे फेरे, म्हणजे टॉवेलवरचे सुताचे वेटोळे, बोटाने उलगडून अगदी जवळून दाखवा. तीस सेकंदांत घाऊक घेणाऱ्याला कळतं की हा माणूस वजनात फसवणार नाही, आणि घरच्या गिऱ्हाइकाला मोजायची रीत मिळते. अशी रील लोक जपून ठेवतात, व्यापारी एकमेकांना पाठवतात. सोलापुरी चादरीबाबतही तसंच: ती उलटून दाखवा. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल झालेली. यंत्रमाग रोज पाहणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही, बाहेरच्या माणसाला फार वाटतं.

रोज पाच मिनिटं एवढंच करा: पाच-सहा सेकंदांच्या तीन क्लिप आणि दोन फोटो. बोलायचं नाही, कापायचं नाही, फक्त टिपून वेगळ्या अल्बममध्ये टाकायचं. फोन उभा धरा. हमखास बिघडणाऱ्या गोष्टी चार:

- शेडमध्ये कापसाचे तंतू लेन्सवर बसतात आणि चित्र धुरकट येतं. प्रत्येक वेळी मऊ कापडाने लेन्स पुसा.
- ट्यूबलाइटखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असते आणि फोनचा शटर तिच्याशी जुळत नाही. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातात.
- कापडाची रंगछटा बदलते. नेव्ही ब्लू काळा दिसतो, आणि शाळेने तोच फोटो पाहून ऑर्डर दिली तर वाद होतो. कापडाशेजारी पांढरा कागद ठेवा, स्क्रीनवर बोट दाबून प्रकाश आणि फोकस लॉक करा, शक्यतो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान दारात फोटो घ्या. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात आणि फोनही तापून कॅमेरा बंद करतो.
- मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद मागाचा आवाज राहू द्या, पुढचं बोलणं ऑफिसात बसून वेगळं रेकॉर्ड करून जोडा.

कामगारांचा चेहरा दाखवण्याआधी त्यांना विचारा. गणवेश घातलेल्या मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकूच नका. पुतळा किंवा हँगर पुरतो, शाळेचा बिल्ला झाका.

आठवड्याची एक बैठक

सुट्टीच्या सकाळी दीड तास, दार लावून. पहिली १५ मिनिटं अल्बममधून क्लिप निवडण्यात, ४५ मिनिटं दोन पोस्ट कापण्यात, २० मिनिटं मजकुरात, १० मिनिटं पोस्ट आपोआप पडायची वेळ लावून ठेवण्यात. वेळ लावून ठेवण्याची सोय मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या साधनात) फुकट आहे. व्यावसायिक खातं असेल तर इन्स्टाग्रामच्या ॲपमधूनही ७५ दिवस पुढची पोस्ट लावता येते, लिंक्डइनवर तीन महिन्यांपर्यंत.

रीलवरची अक्षरं चौकटीच्या मधल्या भागात ठेवा. तळाशी मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, तिथलं काही वाचता येत नाही. सिनेमातलं गाणं लावू नका. बिझनेस खात्याला त्याचे हक्क सहसा मिळत नाहीत आणि आवाज बंद केला जातो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत चालतं.

मजकुराची पहिली ओळ गिऱ्हाइकाचा प्रश्न असू द्या, कारण ‘आणखी’ दाबण्याआधी तेवढीच दिसते. नंतर उत्तर, नंतर भाव. भाव लपवून ‘मेसेज करा’ लिहिल्याने विचारणा वाढल्यासारखी वाटते, पण त्यातले बहुतेक आकडा ऐकून गप्प होतात आणि तुमचा वेळ जातो. निदान ‘अमुकपासून अमुकपर्यंत’ तरी लिहा. भाषेचं म्हणाल तर गिऱ्हाईक जिथलं तिथली. शहरातल्या शहरात मराठी पुरते, हैदराबाद किंवा कलबुर्गीचे व्यापारी असतील तर खाली दोन ओळी हिंदीत, आणि तेलुगू-कन्नड बोलणारं माणूस घरात किंवा कारखान्यात असेल, जे सोलापुरात सहज असतं, तर अधूनमधून त्याच्याच आवाजात एक रील करा.

तयार झालेली एक वस्तू चार ठिकाणी वापरा: पूर्ण रील इन्स्टाग्रामवर, तिचाच तुकडा व्हॉट्सॲप स्टेटसला, एक फोटो गूगल प्रोफाइलवर, आणि तेच गणित लिंक्डइनवर आठ-दहा ओळींत. मात्र एका ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसरीकडे टाकू नका, मूळ फाइलच चढवा.

उत्तरं आणि व्हॉट्सॲप

विचारणांना उत्तरं दिवसातून दोनदाच, दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी. अधेमधे फोन उघडला की वीस मिनिटं कुठे गेली कळत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये नेहमीची उत्तरं साठवता येतात; पत्ता, कमीत कमी नग, सँपलची पद्धत, पोहोचायला लागणारे दिवस अशी पाच-सहा लिहून ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणं मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. कुठून तरी मिळालेल्या हजार नंबरांवर भावपत्रक फेकलं तर लोक तक्रार करतात आणि नंबर बंद होतो. त्याच नंबरावर पंधरा वर्षांची जुनी गिऱ्हाइकं असतात, एवढा धोका घेण्यासारखा नाही.

चटणी किंवा कडक भाकरी विकत असाल तर पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक आणि पॅकिंगची तारीख फोटोत स्पष्ट दिसू द्या. परगावचं गिऱ्हाईक विश्वास ठेवतं तो यावर.

वर्षाचा अंदाज

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण गणवेशाचं कापड त्याच्या कितीतरी आधी ठरतं. सँपलच्या पोस्ट डिसेंबरपासूनच लावा. मे महिन्यात टाकलेल्या पोस्टला फक्त चौकशी येते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, लग्नसराई, दिवाळीचे आठवडे, यांत बैठक होणार नाही हे आधीच धरून चाला. त्यासाठी सहा पोस्ट राखीव तयार ठेवा, ज्या कोणत्याही महिन्यात चालतील: धुण्याची पद्धत, मापं, जीएसएमचं गणित. राखीवातली एक वापरली की पुढच्या बैठकीत भरून काढा.

महिनाअखेर

अर्धा तास. लाइक मोजत बसू नका. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, कुठून आला, काय विचारलं, ऑर्डर झाली की नाही. प्रत्येक नव्या माणसाला ‘कुठे पाहिलंत?’ एवढं विचारा. ॲपमधले पाहायचे आकडे तीनच: किती जणांनी पोस्ट जपून ठेवली, किती जणांनी पुढे पाठवली, किती जणांनी पान उघडलं. विकत घेतलेल्या फॉलोअर्सनी हेच आकडे बिघडतात. पाच हजार फॉलोअर्स आणि पोस्टला बारा जणांचा प्रतिसाद असं पान पाहून घाऊक घेणारा उलट सावध होतो.

बारा आठवड्यांनी लोक जपून ठेवतायत पण विचारणा येत नसेल तर भाव, नग आणि संपर्क पोस्टमध्ये नीट दिसतोय का ते तपासा. कुणी जपूनही ठेवत नसेल तर विषय चुकतायत. वहीतले सगळ्यात जास्त वेळा आलेले तीन प्रश्न काढा आणि पुढचा महिना फक्त त्यांवर घालवा. विचारणा येते पण ऑर्डर होत नसेल तर सोशल मीडियाला हात लावू नका, उत्तर द्यायला किती तास लागतात आणि सँपल कधी पोहोचतं ते पाहा.