आकडे बघूनही ट्रान्सफर फसते? फँटसी फुटबॉलमधल्या या चुका टाळा

बेळगावकडच्या आमच्या लीगमध्ये अकरा जण आहेत. तिघे शहापूरचे, दोघे वडगावचे, एक खानापूरचा, एक निपाणीचा, बाकीचे टिळकवाडी आणि कॅम्पातले. पैशाचा व्यवहार नाही. एफपीएल, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगची अधिकृत फँटसी, फुकटच आहे: खेळातल्याच पैशांत खऱ्या खेळाडूंची टीम लावायची, ते मैदानावर जसे खेळतील तसे गुण, आणि एकाला काढून दुसरा घेणं म्हणजे ट्रान्सफर. आमची पैज एवढीच, की मे महिन्यात जो तळाला असेल त्यानं सगळ्यांना कुंदा खायला घालायचा. दोन वर्षं ओळीनं कुंद्याचा डबा माझ्या हातात होता. आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त आकडे बघणारा माणूसही मीच.

म्हणून गेल्या सीझनला एक वही केली. प्रत्येक ट्रान्सफरपुढं लिहायचं, की हा खेळाडू का घेतला. वर्षाअखेरीस वाचली तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक वेळा माझं आधी ठरलेलं असायचं. शनिवारी रात्री मॅच बघताना कुणीतरी डोळ्यांत भरायचा आणि रविवारी मी त्याच्या बाजूचा आकडा शोधायला बसायचो. गोल नसतील तर शॉट, शॉट नसतील तर बॉक्समधले टच. मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवायला बसलं तर गुण जुळतातच. खालच्या चुका त्या वहीतल्या आहेत, थोड्या माझ्या आणि थोड्या मित्रांच्या.

तीन मॅच बघून उडी मारणे

एफपीएलच्या यादीत ‘फॉर्म’ नावाचा रकाना असतो. तो म्हणजे गेल्या तीस दिवसांतल्या गुणांची दर मॅचची सरासरी, त्यापलीकडं काही नाही. एका मॅचमध्ये १७ गुण आणि बाकी दोनांत दोन-दोन मिळवणारा खेळाडूही या रकान्यात ७ वर दिसतो आणि आपण त्याला घेऊन टाकतो. निपाणीत तंबाखूचा सौदा करणारा कुणीही वखारीतली वरची एक पेंढी बघून माल उचलत नाही. आपण मात्र उचलतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. चांगला स्ट्रायकर तीन मॅच कोरडा गेला की त्याला काढून टाकायचं. इथं एक्सजी कामाला येतो. एक्सजी म्हणजे त्या जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेला शॉट साधारण किती वेळा गोल होतो याचा अंदाज. समजा एखाद्याचा एक्सजी दर मॅचला ०.५ आहे. हा चांगलाच आकडा झाला. तरीही असा खेळाडू एखाद्या मॅचमध्ये गोल न करण्याची शक्यता साधारण साठ टक्के असते, आणि सलग तीन मॅच कोरडं जाण्याची बावीस टक्के. म्हणजे संधी तितक्याच मिळत असल्या, काहीही बिघडलेलं नसलं, तरी चार-पाच वेळांतून एकदा हे होणारच. मी काढलेल्या स्ट्रायकरांनी पुढच्याच आठवड्यात दोन-दोन गोल का मारले, त्याचं उत्तर यात आहे. मी त्याला नजर लागली म्हणायचो.

त्यामुळं गोल थांबले की आधी एक्सजी आणि शॉट बघा. ते जागेवर असतील तर थांबा. तेही घसरले असतील तर मग खरंच काहीतरी बदललंय: जागा, साथीदार, नाहीतर तब्येत.

पेनल्टी न वजा करता एक्सजी वाचणे

एका पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७९ धरतात. आता एखाद्या मिडफिल्डरचा चार मॅचमधला एक्सजी २.३ दिसतोय आणि त्यात दोन पेनल्टी आहेत असं समजा. त्या दोघींचे १.५८ काढले की उरतात ०.७२, म्हणजे मॅचला ०.१८. एवढ्यासाठी एवढे पैसे? २०२३-२४ मध्ये कोल पामरनं चेल्सीसाठी २२ गोल केले, त्यातले ९ पेनल्टीचे होते. पामर वाईट होता असं मी म्हणत नाही, तो जबरदस्तच होता, आणि पेनल्टी मारायचा हक्क हीसुद्धा मोठी मालमत्ता आहे. खरं पेनल्टी मिळणं त्याच्या हातात नसतं. पुढच्या सीझनला जानेवारीपासून मेपर्यंत त्याला लीगमध्ये गोलच मिळेना, आणि आमच्या लीगमधल्या चौघांनी त्याला तेवढे सगळे महिने सांभाळला. नाव मोठं, काढायचा धीर होईना.

बघायचं ते दोन भागांत बघा. पेनल्टी सोडून एक्सजी किती, आणि आता, या आठवड्यात, त्या टीमची पेनल्टी मारतं कोण.

जुन्या क्लबचा आकडा नव्या क्लबला चिकटवणे

ब्रायन म्ब्यूमोनं २०२४-२५ मध्ये ब्रेंटफर्डकडून २० गोल केले. तिथं पेनल्टी त्याच्याकडं होती. पुढच्या उन्हाळ्यात तो मँचेस्टर युनायटेडला गेला, तिथं पेनल्टी ब्रुनो फर्नांडिस मारायचा. माणूस तोच, काम वेगळं.

मॅनेजर बदलला तरी हेच होतं. २०२४-२५ मध्ये क्रिस वूडनं नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी २० गोल मारले, तेही एक्सजीपेक्षा बरेच जास्त. नव्या सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध त्यानं दोन गोल केले आणि आमचा वडगावचा एक जण लगेच त्याला घेऊन मोकळा झाला. सप्टेंबरात फॉरेस्टनं नुनो एस्पिरितो सांतोंना घरी पाठवलं, ऑक्टोबरात त्यांच्या जागी आलेल्या पोस्टेकोग्लूंनाही पाठवलं. ज्या टीमचे आकडे बघून त्यानं घेतला होता ती टीमच राहिली नाही. मॅनेजर बदलला की माझ्या वहीत मी एक आडवी रेघ मारतो आणि रेघेच्या वरचं वाचत नाही.

मिनिटं न बघणे

वीस मिनिटं खेळून एक गोल केलेल्या बदली खेळाडूचा ‘दर ९० मिनिटांना’ हिशोब ४.५ गोल येतो. एवढं एक वाक्य पुरे. आधी मिनिटं बघा. साठ मिनिटं न खेळणाऱ्याला हजेरीचा एकच गुण मिळतो, आणि डिफेंडर असेल तर क्लीन शीटचे, म्हणजे टीमनं एकही गोल न खाल्ल्याचे, गुणही मिळत नाहीत.

क्लीन शीटसाठी मायनस चार

फुकटच्या ट्रान्सफर संपल्यावर आणखी एक केली की चार गुण कापतात, त्यालाच हिट म्हणतात. ही आमच्या निपाणीवाल्याची खास चूक. हा गडी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅचला जाणारा, त्याचं फुटबॉल गॅलरीत बसून शिकलेलं. शुक्रवारी रात्री त्याचा फोन.

“दादा, मायनस चार घ्यायलोय. डिफेंडर बदलायलाच पाहिजे, माझ्याची मॅच लईच अवघड आहे.”

“नवा किती जास्त मिळवील?”

“क्लीन शीट पक्की आहे की ओ!”

पक्की असं काही नसतं. एखादी टीम त्या मॅचमध्ये सरासरी १ गोल खाईल असा अंदाज असेल, तर क्लीन शीटची शक्यता साधारण ३७ टक्के. सरासरी दीड गोल खाईल असं असेल, तर २२ टक्के. म्हणजे सोपी मॅच आणि बरीच अवघड मॅच यांत फरक पडला पंधरा टक्क्यांचा. क्लीन शीटचे गुण चार. चाराचे पंधरा टक्के म्हणजे ०.६. दोन गोल खाल्ले की एक गुण वजा होतो, बोनसचं थोडं इकडंतिकडं, सगळं धरून एक गुण म्हणा. त्या एका गुणासाठी हा माणूस चार गुण रोख मोजत होता.

त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, “खरं मन मानत नाही.” घेतले त्यानं मायनस चार. नव्या डिफेंडरला क्लीन शीट मिळाली, आणि तेव्हापासून माझा हिशोब त्याच्यापुढं चालत नाही. एका आठवड्याचा निकाल माणसाला चुकीचं शिकवतो तो असा.

हिट कधी घ्यायची? दोन खेळाडूंतला अपेक्षित फरक आठवड्याला एक गुण असेल, तर चार आठवड्यांनी तुम्ही बरोबरीला येता. तेवढे दिवस नवा खेळाडू तुम्ही ठेवणार असाल तरच विचार करा. आणि जुना जखमी आहे म्हणून घाबरायचं असेल, तर आधी बेंच बघा. अकरातला कुणी अजिबात खेळला नाही तर बेंचवरचा आपोआप आत येतो. त्या वेळी तुलना शून्याशी नसते, बेंचवरच्या माणसाशी असते.

सरासरीवर डिफेन्सचे गुण धरणे

२०२५-२६ पासून बचावाचेही गुण मिळतात. डिफेंडरनं क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा केले की दोन गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डना बारा लागतात, त्यांच्या हिशोबात रिकव्हरीही, म्हणजे सुटलेला बॉल परत मिळवणंही, धरतात. वीस केले तरी दोनच.

इथं सरासरी फसवते. एकाचे चार मॅचचे आकडे १०, १०, १०, १०. दुसऱ्याचे १६, ८, ९, ७. दोघांची सरासरी दहाच. पहिल्याला आठ गुण मिळाले, दुसऱ्याला दोन. त्यामुळं किती मॅचमध्ये आकडा पार झाला ते मोजा. शिवाय हे गुण जास्त करून अशा टीमच्या डिफेंडरांना मिळतात ज्यांच्यावर सतत हल्ला होतो. मोठ्या टीमचा डिफेंडर बॉल पायात घेऊन उभा असतो, त्याला क्लिअर करायला येतंय काय? क्लीन शीट आणि हे गुण दोन्ही एकाच खेळाडूकडून मिळावं ही अपेक्षा ठेवायची, तर किंमतही तशीच मोजावी लागते.

हिरवा रंग बघून प्रतिस्पर्धी सोपा समजणे

मॅचच्या अवघडपणाचा रंगीत तक्ता आपल्याला आवडतो, कारण वाचायला लागत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही वर्षं खालच्या लीगमधून वर आलेल्या तिन्ही टीम परत खाली गेल्या, त्यामुळं वर आलेली टीम म्हणजे गुणांची खाण, असं डोक्यात बसलं. मग २०२५ च्या ऑगस्टात संडरलंड आली. ऑक्टोबरात तिनं चेल्सीला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवलं. त्या दिवशी माझ्या टीममध्ये चेल्सीचे तिघे होते, म्हणजे नियमात बसतील तेवढे सगळे.

रंगाऐवजी ती टीम गेल्या सहा-आठ मॅचमध्ये समोरच्याला किती एक्सजी देतेय ते बघा. घरचं आणि बाहेरचं वेगळं काढा.

किंमत वाढेल म्हणून सोमवारीच ट्रान्सफर

समजा ७.० ला घेतलेला खेळाडू ७.३ झाला. विकताना तुम्हाला मिळतात ७.१, कारण नफ्यातला अर्धाच आपला, तोही खाली उतरवून. परत घ्यायचा झाला तर ७.३ मोजा. म्हणजे ०.१ च्या मागं धावून हाती फार काही लागत नाही, आणि सोमवारी घेतलेला बुधवारी युरोपातल्या मॅचमध्ये लंगडत बाहेर गेला तर आख्खी ट्रान्सफर वाया. शुक्रवारच्या पत्रकार परिषदांपर्यंत थांबा. २०२४-२५ पासून न वापरलेल्या ट्रान्सफर पाचपर्यंत साठवता येतात, त्यामुळं एखादा आठवडा काहीच न करणं आता पूर्वीइतकं वाया जात नाही. मला तरी ते अजून जमत नाही.

दोन साइटचे आकडे शेजारी ठेवणे

एक्सजी मोजायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाचा आकडा एका साइटवरून आणि दुसऱ्याचा दुसऱ्या साइटवरून घेऊन तुलना करू नका. असिस्टचंही, म्हणजे गोल करून देणाऱ्या पासचंही, तसंच. एफपीएलमध्ये पेनल्टी मिळवून देणाऱ्यालाही, तिच्यावर दुसऱ्यानं गोल केला तर, असिस्ट मिळतो, अपेक्षित असिस्टच्या आकड्यात ते दिसत नाही.

चूक झालीच असेल तर

कन्फर्म केलेली ट्रान्सफर परत फिरत नाही. उलटी करायला दुसरी ट्रान्सफर लागते, आणि फुकटची संपली असेल तर ती चार गुणांची. माझ्या वहीतल्या सगळ्यात वाईट आठवड्यात मी हेच केलं: शनिवारी घेतला, रविवारी पस्तावलो, पुढच्या आठवड्यात हिट घेऊन जुन्यालाच परत आणला, वर ०.२ जास्त देऊन. त्यापेक्षा नव्याला तीन-चार आठवडे द्या. ज्या कारणासाठी घेतला ते कारण अजून उभं आहे का एवढंच तपासा. तीन-चार जागी एकदम बिघडलं असेल तर वाइल्डकार्ड, म्हणजे त्या आठवड्यात हव्या तेवढ्या फुकट ट्रान्सफर, त्यासाठीच असतं.

आणि घड्याळ

टीम लावायची डेडलाइन गेमवीकच्या, म्हणजे त्या फेरीच्या, पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. इंग्लंडात शनिवारी साडेबाराला पहिली मॅच असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडं डेडलाइन दुपारी साडेचारला येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढं जातात, आणि तीच डेडलाइन साडेतीनला होते. पाच महिने साडेचारची सवय लागलेली असते, त्यामुळं एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडं कुणी ना कुणी अडकतोच. शुक्रवारची रात्रीची मॅच असली तर डेडलाइन अकराला, हिवाळ्यात बाराला.

खानापूरवाल्याला घड्याळापेक्षा पावसाचं भय. सीझन ऑगस्टात सुरू होतो, आणि तिकडं तेव्हा लाईट आणि नेटवर्क दोन्ही पावसाच्या मर्जीवर. दोन वेळा डेडलाइन हुकल्यावर तो आता दुकान बंद करायच्या आधी काउंटरवर उभ्याउभ्याच टीम लावून टाकतो. कॅप्टन बदलायचा तेवढा विसरतो.