टिकली लावा, कॅमेऱ्याशेजारी

व्हिडिओ कॉलवर समोरच्याला वाटतं, हा माणूस सारखा खाली बघतोय. बुजरेपणाचा इथे संबंध फारसा नसतो, भानगड अंतराची असते. कॅमेरा स्क्रीनच्या वरच्या कडेला, बोलणाऱ्याचा चेहरा त्याच्या १०-१२ सेंटीमीटर खाली. तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसला असाल तर नजर कॅमेऱ्यापासून सुमारे १० अंश घसरते. २००२ साली स्टॅनफर्डमधल्या प्रयोगात दिसलं की नजर ५ अंशांपर्यंत खाली गेली तरी लोकांना ती जुळल्यासारखीच वाटते. वर किंवा बाजूला गेली की मात्र चटकन कळतं.

त्यामुळे फुल स्क्रीन बंद करा, कॉलची विंडो लहान करा आणि वर कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवा. समोरच्याचे डोळे कॅमेऱ्यापासून ५ सेंटीमीटरच्या आत आले की काम झालं. ऑफिसात दोन मॉनिटर असतील तर ज्यावर कॅमेरा त्याच्यावरच कॉल आणि टिपणं ठेवा. नाहीतर तुमचा कान दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, याचं दुसरंच काम चाललंय.

मग उंची. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, त्यासाठी लॅपटॉप साधारण १०-१५ सेंटीमीटर उचलावा लागतो. जाड पुस्तकं चालतील. पालथा स्टीलचा डबाही चालतो, पण तो घसरतो, वर ओलं फडकं पिळून घाला... नको, लॅपटॉप आहे. रबरी मॅटचा तुकडा घाला. झाकण सरळ उभं ठेवा. मागे कललं की वन रूम किचनमधला पंखा आणि तुमच्या नाकपुड्या एवढंच दिसतं. टाइप करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड घ्या, नाहीतर हात खांद्याला येतात.

खिडकी पाठीशी नको, समोर किंवा बाजूला हवी. घरात एकच खिडकी असेल तर टेबल फिरवा. जुलैत मुंबईत दुपारी चारलाच अंधारून येतं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नजर दिसतच नाही. टेबललॅम्प समोरच्या भिंतीवर मारा, परतून येणारा उजेड मऊ असतो. चष्म्यात स्क्रीन चमकत असेल तर ब्राइटनेस उतरवा आणि दिवा वर, बाजूला न्या.

पूर्ण वेळ कॅमेऱ्यात बघू नका, बातम्या वाचल्यासारखं वाटतं. बोलताना पहिलं आणि शेवटचं वाक्य कॅमेऱ्याकडे, मधलं कुठेही. ऐकताना चेहराच बघा, समोरच्याला पटतंय का ते तिथेच कळतं. आठवण राहत नसेल तर कॅमेऱ्याशेजारी एक टिकली चिकटवा.

अंगावर येतात ते ग्रिडमधले चेहरे. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, प्रत्यक्षात बरेच जण स्वतःलाच न्याहाळत असतात. झूममध्ये स्वतःच्या चौकटीवरच्या तीन टिंबांतून ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ निवडा. उजेड तपासून झाल्यावरच. तुमचं लक्ष दुसऱ्या विंडोत गेलं की होस्टला कळवणारी सोय झूमने एप्रिल २०२० मध्ये काढून टाकली. कंपनीच्या लॅपटॉपवर देखरेखीचं वेगळं सॉफ्टवेअर असू शकतं, ते आयटीला विचारा.

साहेबांच्या केबिनमध्ये प्रश्न वेगळा. मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, हे बऱ्याच घरांत मुरलेलं असतं. भुवयांच्या मधे बघा, टेबलापलीकडून फरक कळत नाही. समोरासमोर बसण्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्याची खुर्ची घ्या, नजर हटवायला जागा मिळते. २०१६ च्या, लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या प्रयोगात लोकांना सोसवणारी रोखलेली नजर सरासरी ३.३ सेकंदांची निघाली. तीन सेकंदांनी वहीत दोन शब्द लिहा, कुणाला खटकत नाही.

कोणी वाईट नजरेने टक लावून बघत असेल तर मात्र खुर्ची बदलून भागत नाही. लैंगिक हेतूचं नकोसं, शब्दांवाचूनचं वर्तनही कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात येतं. महिला कर्मचाऱ्याने ऑफिसातल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. तारीख, वेळ, जागा आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.