थंडीतलं वाढतं दूध आणि उतरता दर : ठाणे जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांसाठी हंगामी सल्ला

हळवी भातं कापून झाली, गरवी कापणीला आली, की मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणच्या खेड्यांत दुधाच्या किटल्या जड व्हायला लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस व्यालेल्या म्हशी भर दुधावर येतात, थंडी पडू लागली की फॅटही चढतं. डेअरीच्या भाषेत हा पुष्टकाळ. कोजागिरी आणि दिवाळीपर्यंत मुंबई-ठाण्यात खवा, पेढे, बासुंदी यांची मागणी दर टिकवून धरते. दिवाळी सरली की मागणी ओसरते, दूध मात्र वाढतच असतं. दर उतरतो तो त्याच वेळी. म्हणून पुढच्या तीन महिन्यांत दुधाचा पैसा कुठे मिळतो आणि कुठे गळतो, हे आत्ताच नीट पाहून घ्यायला हवं.

आधी दर का उतरतो ते पाहू. पिशवीतून विकून उरलेल्या गाईच्या दुधाची भुकटी आणि लोणी करतात. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी आणि साडेतीन किलोच्या आसपास तूप होईल इतकं लोणी निघतं. भुकटी-लोण्याचा बाजार पडला की डेअरी ती घट संकलनाच्या दरात उतरवते. शहरात पिशवीची किंमत तीच राहते आणि गावात लिटरमागे चार-पाच रुपये कमी होतात, ते यामुळे. उसाला एफआरपीचा (केंद्राने ठरवलेल्या किमान दराचा) कायदेशीर आधार आहे, दुधाला तसा कायदा नाही. सरकारने गाईच्या 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरलेला दुधातला घन भाग) असलेल्या दुधाला 21 जुलै 2023 पासून 34 रुपये किमान दर जाहीर केला होता. वर्ष संपेपर्यंत प्रत्यक्षातले दर त्याच्या बरेच खाली आले आणि जानेवारी 2024 मध्ये लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यायची वेळ आली. पुढे 1 जुलै 2024 पासून 30 रुपये दर अधिक 5 रुपये अनुदान, आणि 1 ऑक्टोबरपासून 28 अधिक 7 असं गणित झालं. दोन्ही वेळा बेरीज 35 च आहे, पण डेअरीचा वाटा 2 रुपयांनी घटला आणि तेवढा भार सरकारी तिजोरीवर गेला. अनुदान बंद होतं तेव्हा हातात उरतो तो डेअरीचा दर. म्हणून कोणी दर सांगितला तर त्यातलं अनुदान वेगळं काढूनच हिशोब धरा.

जाहीर दर हा ‘बेस’ असतो. तुमच्या दुधाचा दर संकलन केंद्राच्या टेबलावर ठरतो, आणि माझ्या मते उत्पादकाचं सर्वांत जास्त नुकसान याच टेबलावर होतं. 0.1 टक्का म्हणजे एक पॉइंट. समजा बेसला धरलेल्या फॅट-एसएनएफपेक्षा एक पॉइंट कमी लागला तर 30 पैसे कापतात. एसएनएफ 8.5 ऐवजी 8.3 लागला, तर दोन पॉइंटचे 60 पैसे गेले. वीस लिटर दुधाला दिवसाचे 12 रुपये, दहा दिवसांच्या पगारात (दुधाच्या बिलात) 120. कपात पॉइंटला रुपया असेल तर त्याच दुधाचे 400 रुपये जातात. म्हणजे दोन डेअऱ्यांचा बेस दर सारखा असूनही पगार वेगळा येऊ शकतो. डेअरी निवडताना तीन गोष्टी लेखी मागा: बेस कोणत्या फॅट-एसएनएफवर आहे, कमी पॉइंटला किती कपात आणि जास्त पॉइंटला किती वाढ. वाढ देताना हात आखडता आणि कापताना सैल, असा दरतक्ता असेल तर नुसत्या वरच्या आकड्याला भुलू नका.

आता डिग्रीकडे या. लॅक्टोमीटरच्या (दुधात तरंगून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) डिग्रीला 4 ने भागायचं, त्यात फॅटचा ठरावीक भाग आणि एक ठरलेला आकडा मिळवायचा, की एसएनएफ मिळतो. ही सूत्रं सगळीकडे एकसारखी नाहीत, त्यामुळे आपल्या केंद्रावर कोणतं वापरतात ते विचारून घ्या. यातली खरी मेख अशी की डिग्री एकाने कमी लागली तर एसएनएफ पाव टक्क्याने, म्हणजे अडीच पॉइंटने घसरतो. पॉइंटला 30 पैसे धरले तर लिटरमागे 75 पैसे गेले, आणि दुधात पाण्याचा थेंबही नाही! दूध गरम असलं की पातळ होतं, लॅक्टोमीटर खोल बुडतो, डिग्री कमी दिसते. नुकत्याच पिळलेल्या, फेसाळ दुधातही तसंच होतं. काही तास गेल्यावर त्याच दुधाची डिग्री वर आलेली दिसते. म्हणून धार काढल्या काढल्या किटली घेऊन पळू नका. दूध गाळून, भांडं गार पाण्यात ठेवून, फेस बसू द्या. मापणारा लॅक्टोमीटर फिरवून सोडतो आणि डोळ्याच्या पातळीत न बघता वरून आकडा वाचतो, तेव्हा त्याला थांबवा. दुधाचं तापमान बघून दुरुस्ती केली का, हे विचारण्यात संकोच कसला?

हल्ली बहुतेक केंद्रांवर मिल्कोमीटर, म्हणजे फॅट-एसएनएफ मोजणारं यंत्र, असतो. तो सोयीचा आहे, पण त्याची मोजणी अधूनमधून खऱ्या तपासणीशी जुळवून घ्यावी लागते. फॅटसाठी ती खरी तपासणी म्हणजे गर्बर पद्धत: 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, आणि मग यंत्रात फिरवणं. सलग दोन-तीन वेळा फॅट एकदम पडलं, आणि गोठ्यात चारा-खुराक काहीच बदललं नाही, तर एकाच दुधाचे दोन नमुने करून दोन ठिकाणी तपासून घ्या. नमुना घेण्याआधी दूध वर-खाली नीट ढवळलेलं हवं; वरची साय एकीकडे आणि खालचं दूध दुसरीकडे गेलं तर दोन्ही आकडे निरुपयोगी.

वजनाचा मुद्दा लहान वाटतो, पण तो रोज दोनदा येतो. काटा 100 मिलीच्या टप्प्याने दाखवत असेल तर 9 लिटर 990 मिली दूध 9.9 म्हणून लिहिलं जातं. प्रत्येक वेळी शून्य ते 90 मिली, म्हणजे सरासरी 45 मिली जातात. दोन वेळ, तीस दिवस, सुमारे 2.7 लिटर. गावातल्या शंभर उत्पादकांचं मिळून दर महिन्याला पावणेतीनशे लिटरच्या आसपास होतं. 10 मिलीपर्यंत दाखवणारा काटा मागा. त्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा, नसेल तर तक्रार त्याच विभागाकडे करा. दूध किलोत मोजून लिटरमध्ये पैसे देत असतील तर भागाकार 1.03 च्या आसपासच हवा: 20.6 किलो म्हणजे 20 लिटर.

आणि पावती. वेळ, लिटर, फॅट, डिग्री किंवा एसएनएफ, दर, एवढं सगळं असलेली छापील पावती दर वेळी घ्या आणि दहा दिवसांच्या पगाराशी जुळवा. वहीत नुसतं लिटर लिहून घेणाऱ्या केंद्राला दूध घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उचल घेतानाही जपा. म्हैस घ्यायला डेअरीने उचल दिली की दर पडल्यावर दूध दुसरीकडे वळवायची मुभा जाते. उचल घ्यावीच लागली तर किती पगारांत फिटणार, ते कागदावर उतरवून घ्या. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर दिवाळीचा दरफरक (वर्षभराच्या दुधावर संस्था नंतर देते ती जादा रक्कम) धरून वर्षाची बेरीज करा. महिन्याचा दर थोडा कमी असूनही वर्षाकाठी संस्था पुढे जाते, असं बऱ्याचदा दिसतं.

फॅट-एसएनएफ गोठ्यात वाढतं, त्याबद्दल थोडक्यात. धारेचं शेवटचं दूध सर्वांत घट्ट असतं. कास पूर्ण मोकळी केली नाही तर फॅट कासेतच राहतं. दोन धारांमधलं अंतर सारखं ठेवा. सुका चारा कमी करून खुराक वाढवला की दूध वाढतं पण फॅट घसरतं. एसएनएफ एकाएकी पडला तर सडदाह (कासेची सूज) तपासा, दडलेला सडदाह हे त्याचं नेहमीचं कारण आहे. आपल्याकडे भाताचा पेंढा भरपूर, पण त्यात प्रथिनं नावापुरती असतात आणि त्यातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम अडवतात. रोज खनिज मिश्रण द्याच. झोडणी झाल्यावर 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून, प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवा. उघडल्यावर वास उडू द्या आणि थोड्या-थोड्या प्रमाणात सवय लावा. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाशी कधीही येता कामा नये, आणि लहान वासरांना हा पेंढा घालू नका.

ओल्या उडवीतला बुरशी धरलेला पेंढा आणि काळी पडलेली पेंड मात्र फेकून द्या. बुरशीचं अफलाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं, आणि उकळल्याने ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी भेसळीने असुरक्षित निघाले फक्त 12, पण 5.7 टक्के नमुन्यांत अफलाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होतं. भेसळीचा गवगवा होतो आणि पेंडीतली बुरशी कुणाच्या लक्षात येत नाही, याचं मला वाईट वाटतं. सडदाहावर प्रतिजैविक टोचलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जनावराचं दूध किटलीत मिसळू नका.

आता ठाणे जिल्ह्याला असलेली खास सोय. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक दिसत नाही, आपल्याला ते कल्याण, डोंबिवली, ठाणे, ऐरोली, वाशीत दारात भेटतं. मुंबईच्या तबेलेवाल्यांच्या संघटनेने सुट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर 1 मार्च 2023 पासून 80 वरून 85 आणि 1 सप्टेंबर 2023 पासून 87 रुपये केला होता. संकलन केंद्राच्या दराशी याची तुलना केली की रतिबाचं महत्त्व कळतं. पण सगळं दूध रतिबावर टाकू नका. उन्हाळी सुट्टीत आणि गणपतीत गिऱ्हाइकं गावाला जातात, तेव्हा किटली परत येते. निम्मं रतीब, निम्मं डेअरी, असा मेळ बऱ्याच गोठ्यांना झेपतो.

रतीब घालायचा तर कागद नीट करा. सहकारी दूध संस्थेचा सभासद सगळं दूध संस्थेलाच घालत असेल तर त्याला अन्न सुरक्षा नोंदणीतून सूट आहे. थोडंसं दूध जरी थेट विकलं तरी ही सूट लागू राहत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. 2011 च्या नियमांप्रमाणे दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्याला नोंदणी आणि त्यापुढे परवाना लागतो. गाईचं म्हणून विकलेलं दूध किमान 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफचं भरलं पाहिजे; अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक नमुना घेईल तेव्हा ‘आमची गाय अशीच आहे’ हे चालत नाही. गाई-म्हशीचं मिसळलेलं दूध नुसतं ‘म्हशीचं’ म्हणून देऊ नका. काचेच्या बाटलीवर ‘ए-2’ (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) लिहून दुप्पट भाव घेण्याची नवी मुंबईत चलती आहे. ऑगस्ट 2024 मध्ये प्राधिकरणाने असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. ज्या शब्दावर अशी टांगती तलवार आहे, त्यावर कर्ज काढून धंदा उभा करू नये.

गाव पालिकेच्या हद्दीत आलं असेल तर आणखी एक गोष्ट. शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा 1976 चा कायदा आहे, आणि तो लागू असलेल्या भागात गोठ्याला परवाना लागतो. पिढ्यान् पिढ्यांचा गोठा आहे, एवढं सांगून भागत नाही. गोठा वाढवण्याआधी जिल्हा दुग्धव्यवसाय विकास कार्यालयात विचारून घ्या.

2024 च्या अनुदानात बारा अंकी बिल्ल्याची नोंद, आधार आणि बँक खातं जुळत नसल्याने अनेकांचे पैसे अडकले. अनुदान पुन्हा कधी येईल याची वाट न पाहता आत्ताच पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आणि तो तुमच्याच नावावर आहे का ते बघा. विकलेलं जनावर नावावरून काढा, नवं चढवा. ते अनुदान डेअरीला घातलेल्या गाईच्या दुधालाच होतं. म्हशीचं आणि रतिबाचं दूध त्यात धरलं नव्हतं.

शेवटी कृशकाळाची तयारी. मार्च ते जून दूध आटतं आणि दर चढतो, पण आपल्या म्हशी तेव्हा भाकड असतात. म्हैस 310 दिवस आणि गाय 280 दिवस गाभण राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वीत हवी तर म्हैस आदल्या एप्रिल-मेमध्ये भरायला हवी, आणि नेमका उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे त्याची लक्षणं ठळक दिसत नाहीत. एक-दोन म्हशींपुरतं का होईना, हे जमवून बघा. त्या दिवसांत पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारा, सोट (माजावरच्या म्हशीचा चिकट स्राव) दिसतो का बघा, दुपारी अंगावर पाणी मारा, आणि रेतन केल्यावर दोन ते तीन महिन्यांत डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून तारीख वहीत लिहा.