प्रोस्टेटच्या रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन’ लिहिलंय? मग तो असा वाचा

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर. त्यांचा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींचं रक्तात मोजलं जाणारं प्रोटीन) ४० वरून १ च्या खाली आला तेव्हा घरात सगळे सुटलो म्हणत होते, आणि त्याच महिन्यात स्कॅनमध्ये लिव्हरवर गाठी दिसल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला मला फार दिवस लागले, म्हणून ज्यांच्या हातात आत्ता असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी पीएसए काय मोजतो ते पक्कं करा. प्रोस्टेटच्या पेशीत अँड्रोजन रिसेप्टर असतो, टेस्टोस्टेरॉन त्याला चिकटलं की तो केंद्रकात जाऊन बरीच जीन्स चालू करतो, पीएसएचं जीन त्यातलंच एक. म्हणजे कॅन्सर किती आहे एवढंच नाही, तो रिसेप्टर किती चालू आहे हेही त्या आकड्यात आलं. सर्जन चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये दाखवलं की टेस्टोस्टेरॉन तोडलं की हा कॅन्सर आटतो, आजची हॉर्मोनची इंजेक्शनं, अबिराटेरोन, एन्झालुटामाइड ही औषधं सगळं त्याच वाटेवरचं. पण औषधांच्या दबावाखाली काही पेशी ती वाटच सोडतात, रिसेप्टर गुंडाळून ठेवतात आणि नर्व्हच्या पेशींची जीन्स वापरायला लागतात, यालाच न्यूरोएंडोक्राइन होणं म्हणतात. मग पीएसए येणार कुठून?

आता आयएचसीचं (पेशीतली प्रोटीन्स रंगवून बघायच्या तपासणीचं) पान उघडा. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी-५६ या न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या खुणांपुढे पॉझिटिव्ह दिसलं की लगेच घाबरू नका, कारण नॉर्मल प्रोस्टेटमध्येही न्यूरोएंडोक्राइन पेशी विखुरलेल्या असतातच आणि साध्या अॅडिनोकार्सिनोमातही (प्रोस्टेटच्या नेहमीच्या कॅन्सरातही) चार-दोन सापडतात. पेशी दिसतात कशा हे आधी वाचा, ‘स्मॉल सेल’ (लहान, दाटीवाटीच्या पेशी) लिहिलंय का, केआय-६७ (किती पेशी विभाजित होतायत त्याचा आकडा) खूप जास्त आहे का, अँड्रोजन रिसेप्टर आणि पीएसए निगेटिव्ह झालेत का. हे सगळं एकत्र आलं तर मात्र गंभीरपणे घ्या.

जीन टेस्ट केली असेल तर आरबी-१ आणि टीपी-५३ शोधा. पहिला पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावतो, दुसरा डीएनए बिघडला की पेशीला थांबवतो किंवा मारतो. २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की दोन्ही गेले की सॉक्स-२ (इतर जीन्स चालू-बंद करणारा प्रोटीन) वाढतो आणि पेशीची ओळखच सैल पडते, एन्झालुटामाइडला ती दाद देत नाही. सोबत ईझेडएच-२ नावाचं एन्झाइम डीएनए गुंडाळलेल्या प्रोटीनवर खुणा करून प्रोस्टेटपणाची जीन्स बंद पाडतं, आणि नर्व्हची जीन्स दाबून ठेवणारा रेस्ट हा प्रोटीन निकामी होतो. यात डीएनएचं अक्षरही न बदलता बरंच घडतं, म्हणून जीन रिपोर्ट साधा आला तरी निश्चिंत होऊ नका.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बऱ्याचदा टीएमपीआरएसएस-२ आणि ईआरजी ही दोन जीन्स जोडली जातात, आणि हा जोड न्यूरोएंडोक्राइन झालेल्या गाठीतही तसाच सापडतो, फक्त ईआरजीचं प्रोटीन दिसत नाही कारण ते चालू करणारा रिसेप्टरच बंद असतो. म्हणजे हा बाहेरून आलेला दुसरा कॅन्सर नाही, जुनाच वेश बदलून बसलाय.

डॉक्टरांना विचारायचं ते असं: पीएसए कमी असताना लिव्हरमध्ये किंवा हाडांत वाढ दिसतेय तर नव्या गाठीची बायोप्सी करायची का? पीएसएमए पेटमध्ये (प्रोस्टेटच्या पेशींवरचं एक प्रोटीन शोधणारा स्कॅन) या पेशी उजळतीलच असं नाही, तर एफडीजी पेट (साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवणारा स्कॅन) करू या का? कार्बोप्लॅटिन किंवा सिसप्लॅटिनसोबत इटोपोसाइड ही केमो द्यायची का? डीएलएल-३ तपासता येईल का, कारण हे प्रोटीन अशा पेशींवर बऱ्याचदा असतं आणि त्यावर नेम धरणारं टार्लाटामॅब फुफ्फुसाच्या स्मॉल सेलसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालंय, प्रोस्टेटमध्ये अजून ट्रायल्समध्येच आहे.

आणि जुन्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबमधून आजच अर्ज देऊन मागून घ्या, नवी गाठ त्यांच्याशेजारी ठेवून बघितली तरच पॅथॉलॉजिस्टला काय बदललं ते नीट सांगता येतं.