दुकानात लुटमार होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालीच तर?

धनकवडीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे, छोटंच. दिवसभर गर्दी असते, लाईट असतात, कॅमेरा असतो, त्यामुळं काही वाटत नाही, पण खरी रिस्क रात्री शटर ओढतानाची. खालचं कुलूप लावायला आपण रस्त्याकडं पाठ करून उकिडवे बसतो आणि कॅशची पिशवी लटकत असते अ‍ॅक्टिवाच्या हुकला. मी पण तेच करायचो. एकदा मागून कोणीतरी म्हणालं "काका, पैसे पडलेत तुमचे", बघतो तर दहाच्या चार नोटा, त्या गोळा करून उठलो तर हुक रिकामा. चाळीस रुपयांत दिवसभराचा धंदा गेला.

तेव्हापासून बाजूची दोन दुकानं आणि मी एकदमच बंद करतो. एकानं कुलूप लावायचं, दुसऱ्यानं रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं आणि हो, मोबाईल खिशात. कॅश अंधार पडायच्या आतच हलवायची, रोज त्याच वेळेला त्याच रस्त्यानं नाही. डिक्कीत तर अजिबात ठेवू नका. गल्ल्यात दोन-तीन हजार बास, सुट्ट्यापुरते. आणि गिऱ्हाइकासमोर थुंकी लावून पाचशेच्या नोटा मोजायची सवय सोडा राव, यूपीआयमुळं कॅश कमी झालीये हे आपल्याला माहिती, बघणाऱ्याला कुठं माहितीये.

कॅमेरा छताला लावला की फक्त टोपी दिसते, एक तरी काउंटरवर तोंडाच्या उंचीला पाहिजे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गल्ल्याखाली नको, जाताना तोच उचलून नेतात.

आता समजा कोयता काढलाच, तर पैसे द्यायचे. मिरचीपूड, बॅट असले हिरोगिरीचे प्रकार नकोत. "किल्ली खिशात आहे, काढतो" असं आधी बोलायचं, मग हात हलवायचा, कारण समोरचा पण टरकलेला असतो आणि अचानक हाललात तर वार करेल. डोळ्यात बघू नका, खाली बघा, पायात काय आहे, गाडी कुठल्या बाजूला गेली. तोंडाला रुमाल बांधतात पण चपलेचा विचार कोण करतंय. मागं धावू नका.

गेले की शटर अर्धं खाली, ११२ ला फोन, काउंटरला कोणी हात लावायचा नाही कारण ठसे असतात. तेवढ्यात जे बघितलं ते बिलाच्या मागं लिहून काढा, दहा मिनिटांत चार जण बोलले की आपलंच आपल्याला वेगळं आठवायला लागतं. फुटेज आधी पोलिसांना, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नाही, आणि डीव्हीआरचं घड्याळ पुढंमागं असेल तर तेही सांगा.

एफआयआर वाचून मगच सही करा. धाक दाखवून नेलं असेल तर ती साधी चोरी नाही, जबरी चोरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९, आणि पाच किंवा जास्त जण असतील तर दरोडा, कलम ३१०. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर घ्या म्हणायचं, म्हणजे हद्द कुठलीही असो, तिथंच नोंदवून पुढं पाठवतात, कॉपी फुकट मिळते. इन्शुरन्स असेल तर त्याच दिवशी कळवा, पॉलिसीत कॅश किती धरलीये ते मात्र आजच बघून ठेवा.

आणि काउंटरवर पोरगा होता तर गेलेले पैसे त्याच्या पगारातून कापू नका. पुढचे चार दिवस रात्री त्याला एकट्याला बसवू नका, शटर वाजलं तरी दचकतो तो.