मंदीत नोकरी गेली तर: सहीपासून नव्या ऑफरपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करायचं

मंदीत नोकरी एकट्याची जात नाही. हिंजवडीतला एखादा प्रोजेक्ट बंद होतो, चाकणच्या कारखान्यात एक शिफ्ट कमी होते, आणि तुमच्याच अनुभवाची, तुमच्याच पगाराची माणसं एकदम बाजारात उतरतात. त्यामुळे एरवी दोन महिन्यांत जमणारं काम सहा-आठ महिने लांबू शकतं. हे गृहीत धरूनच हिशेब मांडायचा. आपल्याकडे किती महिन्यांचे पैसे आहेत हे ज्याला ठाऊक असतं तो मुलाखतीत वेगळा बोलतो. ज्याला ठाऊक नसतं तो अर्ध्या पगाराची पहिली ऑफर घेऊन मोकळा होतो.

१. सही लगेच करू नका

एचआर बोलावते, कागद पुढे सरकवते आणि म्हणते, ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील.’ एक दिवस मागून घ्या. जे काही सांगितलं ते ईमेलवर पाठवायला सांगा. स्वतःहून राजीनामा दिल्याचं कागदावर आलं की कपातीची भरपाई मागणं अवघड होतं, कारखान्यातल्या कामगाराला तर फारच. आयटीत किंवा मॅनेजरच्या पदावर अनेक जण चांगल्या रिलिव्हिंग लेटरसाठी राजीनामाच पसंत करतात. तेही चालेल, पण मग घासाघीस करा: नोटीस पीरियडचा पगार, आणखी काही महिने मेडिक्लेम, पत्रातला मजकूर. जे ठरेल ते लेखी हवं.

लॅपटॉप परत करण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर आणि बढतीची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीचा डेटा मात्र घेऊ नका, तो पुढे अंगाशी येतो.

२. कंपनीकडून येणं वसूल करा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, कामावरून काढलं किंवा राजीनामा दिला तरी उरलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावं अशी तरतूद आहे. ‘फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात’ असं ऐकवलं तर हे नम्रपणे, पण लेखी दाखवून द्या.

कायम नोकरीत पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४०,००० आणि नोकरी ७ वर्षांची असेल तर साधारण १,६१,५०० रुपये होतात. शिल्लक रजेचे पैसेही मागा. खासगी नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम एकूण २५ लाखांपर्यंत करमुक्त असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळात ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. अटी आणि सध्याची मुदत जवळच्या शाखेत विचारा. तिथे जायला लाज कसली? पैसे तुमच्याच पगारातून कापलेले आहेत.

३. महिन्यांचा हिशेब

एका कागदावर दोनच आकडे हवेत: महिन्याला किती लागतात आणि हातात किती आहेत. समजा, वाकडला चौघांचं घर आहे. घराचा हप्ता २८,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,०००, शाळा आणि व्हॅन ९,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १४,०००, वीज-मोबाइल-पेट्रोल ६,०००, गावी आईवडिलांना ५,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर वाटून ४,०००. एकूण ६९,०००. बचत खातं, एफडी आणि कंपनीकडून आलेले पैसे मिळून ४,८३,०००. म्हणजे सात महिने.

आता काटकसर केली आणि खर्च ६०,००० वर आणला, तर आठ महिने. एवढी ओढाताण करून मिळाला एकच महिना, कारण मोठा वाटा हप्त्याचा आहे आणि तो भाजीवर बचत करून हलत नाही. पण त्या ६०,००० च्या खर्चात घरात कुणी शिकवण्या, डबे किंवा अर्धवेळ अकाउंट्सचं काम करून १२,००० आणले तर तेच पैसे दहा महिने जातात. मुलांच्या तोंडचं आइस्क्रीम काढण्याआधी ही बेरीज करून बघा. आणि हे घरात सगळ्यांसमोर मांडा. रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेल्याचं नाटक करणारी माणसं प्रत्यक्षात असतात, आणि त्याचा त्रास घरालाच होतो.

४. कोणते पैसे आधी काढायचे, कोणते नंतर

आधी बचत खातं आणि लिक्विड फंड. मग एफडी, मुदत संपत आली असेल तर मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. एसआयपी थांबवा, पण पडलेल्या बाजारात घाईने युनिट्स विकू नका. त्यानंतर सोनेतारण. भिशी उचलली नसेल तर नंबर लवकर मागून घ्या. मात्र पुढचे हप्ते त्याच पैशातून बाजूला काढा, नाहीतर ओळखीतली माणसं दुखावतात. क्रेडिट कार्डावर फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिलात तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे तर वळूही नका. या काळात कुणाला जामीनही राहू नका, सख्खा असला तरी.

पीएफ सगळ्यात शेवटी. बेकारीत त्यातला ७५ टक्के भाग काढता येतो, म्हणून तो पहिला काढावासा वाटतो. पण पाच वर्षांची सलग नोकरी झालेली नसेल तर त्यावर कर लागू शकतो, आणि २०२४-२५ साठी ८.२५ टक्के असलेलं ते व्याज सहज दुसरीकडे मिळत नाही. पेन्शनचे पैसेही काढून घेतले तर दहा वर्षांच्या पात्रतेची मोजणी नव्याने सुरू होते. काढा किंवा काढू नका, यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) आधार, पॅन, बँक खातं आणि चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते आजच तपासा. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःच पोर्टलवर भरता येते.

५. बँकेत हप्ता चुकण्याआधी जा

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि मग बँकेची भाषाच बदलते. दोन-तीन महिन्यांचे पैसे हातात असतानाच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. काही महिन्यांची सवलत मिळाली तर त्या काळाचं व्याज मुद्दलात जातं, हे २०२० च्या मोरेटोरियमनंतर (हप्ते पुढे ढकलण्याच्या सवलतीनंतर) अनेकांच्या लक्षात आलं. तेव्हा सवलत जेवढी लागेल तेवढीच घ्या.

६. मेडिक्लेम

कंपनीचा ग्रुप विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. त्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मागा. आजारांचा जो प्रतीक्षा काळ असतो (ज्यात क्लेम मिळत नाही), त्यातला आधी झालेला भाग धरला जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. खर्चाच्या यादीत हा हप्ता खोडू नका. एका ऑपरेशनमध्ये सगळे महिने संपतात.

७. शोध

पोर्टलवर रोज पन्नास अर्ज टाकून दमल्याचं समाधान मिळतं, बाकी फार काही नाही. मंदीत बऱ्याच जागा जाहिरातीपर्यंत येतच नाहीत. आतल्या कुणीतरी नाव सुचवलेलं असतं. तेव्हा जुने साहेब, व्हेंडर, क्लायंटकडची माणसं, कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांची यादी करा. ‘कुठे काही असेल तर बघ’ असा निरोप कुणालाच उपयोगी पडत नाही. असं लिहा:

‘नमस्कार सर. ३१ तारखेपासून मी मोकळा आहे, आमचा प्लँट एका शिफ्टवर आलाय. क्वालिटीमध्ये नऊ वर्षं झाली, सप्लायर ऑडिट स्वतः सांभाळली आहेत. रांजणगाव किंवा संभाजीनगरही चालेल. तुमच्या ओळखीत क्वालिटी हेड कोण आहेत, त्यांच्याशी पाच मिनिटं बोलता येईल का? सीव्ही जोडतोय.’

काम काय, अनुभव किती, कुठे चालेल आणि समोरच्याने नेमकं काय करायचं, सगळं यात आहे. लगेच रुजू होता येणं हा तुमचा फायदा आहे, तो सीव्हीच्या पहिल्या ओळीत घाला. ‘गॅप का?’ याचं उत्तर एका वाक्यात द्या: कंपनीने कपात केली, मी त्यात होतो. मंदीत हे कुणालाही समजतं. जुन्या कंपनीला नावं ठेवलेली मात्र खटकतात. पोर्टलवर प्रोफाइल ताजं ठेवा, सरकारी महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिसवर नाव नोंदवा, रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे दिसतात. कंत्राटी काम कमी प्रतीचं समजू नका. खर्चाचा निम्मा भाग निघत असेल तर महिने दुप्पट होतात.

नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, मग ते ‘रजिस्ट्रेशन’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’ किंवा ‘व्हिसा फी’ म्हणून असोत, तर ती नोकरी नव्हे. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देणारेही तसलेच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

८. ऑफर आल्यावर

पगाराचा आकडा बघताना हातात येणारी ठरावीक रक्कम किती आणि व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) किती, हे वेगळं विचारा. रुजू झाल्यावर आधीच्या कंपनीचं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्हीकडे स्वतंत्र सूट धरली जाते आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना कर अंगावर येतो. उलट मधले महिने रिकामे गेले असतील आणि २०२५-२६ मधलं पगाराचं उत्पन्न १२.७५ लाखांच्या आत असेल, तर नव्या करप्रणालीत कर शून्य होतो, कापलेला टीडीएस परत मिळतो. पीएफ ट्रान्सफर करून घ्या. पहिल्या पगारांतून आधी कार्डाची थकबाकी, मग घरच्यांकडून घेतलेले उसने, आणि त्यानंतर एसआयपी पुन्हा सुरू करा.